दावा-कैफियतीतली दुरुस्ती आणि त्यासाठीचं प्रतिज्ञापत्र : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाटपाचे दावे, हद्दीचे वाद, खरेदीखताची पूर्तता, भाडेकरूंचे तंटे अशा दिवाणी कामांतले पक्षकार आणि नुकतीच सनद मिळालेले वकील दुरुस्ती अर्जाबद्दल पुन्हा पुन्हा जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. सगळा भर प्रतिज्ञापत्रावर आहे, कारण बहुतेक दुरुस्ती अर्ज अडकतात ते तिथेच. कायदा दिवाणी प्रक्रिया संहितेचा, म्हणजे महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीकडे लागू असलेला. तुमच्या प्रकरणातल्या तारखा आणि कागद पाहून अंतिम सल्ला तुमच्या वकिलांनीच द्यायचा आहे.

१. दाव्यात दुरुस्ती करता येते म्हणजे नेमकं काय करता येतं?

दाव्यात किंवा कैफियतीत (प्रतिवादीच्या लेखी उत्तरात) लिहिलेला मजकूर बदलता येतो, वाढवता येतो, वगळता येतो. चुकलेला गट नंबर, राहून गेलेली मिळकत, नवी मागणी, दावा दाखल झाल्यावर घडलेली घटना हे सगळं त्यात येतं. आधार आहे आदेश ६ नियम १७. दुरुस्ती न करता पुराव्याच्या वेळी वेगळीच हकीकत सांगायला कायदा मुभा देत नाही. जे लिहिलंच नाही त्याचा पुरावाही देता येत नाही, म्हणून चूक लक्षात आली की अर्ज लगेच द्यावा.

दुरुस्तीकडे कसं पाहायचं याची चौकट मुंबई उच्च न्यायालयाने १९०९ मध्येच किसनदास रूपचंद विरुद्ध रचप्पा विठोबा या निकालात घालून दिली : दुसऱ्या बाजूवर अन्याय होऊ नये आणि खऱ्या वादाचा निर्णय होण्यासाठी दुरुस्ती गरजेची असावी. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये पिरगोंडा पाटील यांच्या प्रकरणात ती उचलून धरली आणि आजही युक्तिवाद याच दोन मुद्द्यांभोवती फिरतो.

२. वकिलांनी अर्ज लिहून दिला, त्यावर माझी सही आहे. मग वेगळं प्रतिज्ञापत्र कशाला?

अर्ज म्हणजे विनंती. विनंतीमागच्या हकीकती खऱ्या आहेत हे कुणीतरी शपथेवर सांगावं लागतं. दुरुस्ती आत्ताच का, आधी का नाही, ही माहिती तुम्हाला कधी आणि कशी कळली, हे वकिलाला ठाऊक नसतं, तुम्हाला असतं. प्रतिज्ञापत्राशिवाय आलेला अर्ज न्यायाधीश सहसा बाजूला ठेवतात किंवा प्रतिज्ञापत्र द्यायला सांगतात, आणि त्यात एक तारीख जाते. प्रश्न ९ मधली परिस्थिती तुमची असेल तर प्रतिज्ञापत्र हाच तुमच्या अर्जाचा कणा आहे.

३. एक प्रतिज्ञापत्र दिलं की काम झालं ना?

नाही. सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. प्रतिज्ञापत्रं दोन आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत.

पहिलं दुरुस्ती अर्जासोबतचं. त्यात दुरुस्तीची *कारणं* शपथेवर सांगायची.

दुसरं दुरुस्ती मंजूर झाल्यानंतरचं. दुरुस्त केलेल्या दाव्यातला किंवा कैफियतीतला *मजकूर* खरा आहे असं त्यात शपथेवर सांगायचं. १ जुलै २००२ पासून दाव्यासोबत (कलम २६(२)) आणि प्रत्येक दावा-कैफियतीसोबत (आदेश ६ नियम १५(४)) प्रतिज्ञापत्र सक्तीचं झालं. त्याच वर्षी सेलम अॅडव्होकेट बार असोसिएशनच्या पहिल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मजकुरात दुरुस्ती झाली तर तिला अनुरूप असं नवं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल. म्हणजे मूळ दाव्याबरोबर दिलेलं जुनं प्रतिज्ञापत्र दुरुस्त मजकुराला पुरत नाही. तुमची शपथ तेव्हाच्या मजकुराची होती, आजच्या नव्हे.

४. शपथेवर लिहून दिलं म्हणजे माझं म्हणणं शाबीत झालं का?

नाही. त्याच निकालात हेही सांगितलं आहे : दाव्यासोबतचं प्रतिज्ञापत्र लिहून देणाऱ्यावर मजकुराच्या खरेपणाची जादा जबाबदारी टाकतं, पण खटल्यात ते पुरावा ठरत नाही. पुरावा तुम्हाला पुढे स्वतंत्रपणे द्यावा लागतो, त्यासाठीचं सरतपासणीचं (स्वतःच्या बाजूच्या साक्षीदाराच्या जबानीचं) प्रतिज्ञापत्र वेगळं असतं आणि त्यावर उलटतपासणी होते. “मी अॅफिडेव्हिट दिलंय की” असं म्हणत साक्षीला उभं न राहणारे पक्षकार दिसतात, त्यांना याचा मोठा फटका बसतो.

५. प्रतिज्ञापत्र कुणी करायचं? आम्ही पाच भावंडं वादी आहोत.

आदेश ६ नियम १५ प्रमाणे पक्षकारांपैकी एकाने सत्यापन (मजकूर खरा असल्याची शेवटची सहीनिशी नोंद) केलं तरी चालतं, किंवा प्रकरणाच्या हकीकती माहीत असल्याची न्यायालयाची खात्री पटेल अशा दुसऱ्या व्यक्तीने. पाचही जणांना तालुक्याला आणायची गरज नाही. मात्र ज्याला खरोखर माहिती आहे त्यानेच करावं. शेत कसणारा भाऊ गावात असताना पुण्यात नोकरी करणाऱ्या भावाने “वहिवाट माझ्या प्रत्यक्ष माहितीतली आहे” असं लिहून देऊ नये.

कंपनी किंवा संस्था असेल तर सचिव, संचालक किंवा हकीकती सांगू शकणारा मुख्य अधिकारी. अज्ञान मुलाच्या वतीने अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता, करतो. मुखत्यारपत्रधारकही करू शकतो, पण फक्त त्याला स्वतःला ठाऊक असलेल्या गोष्टींपुरतं. मूळ मालकाच्या मनात काय होतं, त्याने करार करताना काय बोलणं केलं, हे मुखत्यार शपथेवर सांगू शकत नाही. जानकी भोजवानी निकालात (२००५) सर्वोच्च न्यायालयाने मुखत्याराच्या साक्षीबद्दल हीच मर्यादा घातली, आणि ती प्रतिज्ञापत्र लिहितानाही पाळावी.

६. कुणासमोर करायचं? शंभरचा की पाचशेचा स्टॅम्प पेपर लागतो?

नोटरीसमोर, किंवा न्यायालयात शपथ देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात होतं ते प्रतिज्ञापत्र इथे वापरू नका.

स्टॅम्प पेपर लागत नाही. न्यायालयात दाखल करण्यासाठीच केलेल्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतल्या अनुच्छेद ४ खाली मुद्रांक शुल्काची माफी आहे. नोटरीचं तिकीट आणि अर्जावरचं कोर्ट फी तिकीट हा वेगळा खर्च. देवाची शपथ घ्यायची नसेल तर गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते, तिचं वजन तेवढंच.

सही नोटरीच्या समोरच करायची. घरून सही करून कागद पाठवून दिला, नोटरीने शिक्का मारला, असा प्रकार उलटतपासणीत उघड झाला तर सगळ्या साक्षीवरचा विश्वास उडतो.

७. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात लिहायचं तरी काय?

“सदर बाब नजरचुकीने लिहावयाची राहून गेली आहे, दुरुस्ती झाल्यास प्रतिवादीचे नुकसान होणार नाही” एवढी दोन वाक्यं आणि खाली सही, असं प्रतिज्ञापत्र हजारो प्रकरणांत दिसतं. त्यातून न्यायाधीशाला काहीच कळत नाही.

एक उदाहरण घेऊ. अतिक्रमणाचा दावा आहे. दाव्यात २ आर अतिक्रमण लिहिलं होतं, मोजणीत जास्त निघालं. प्रतिज्ञापत्र असं असावं :

“दावा दाखल करतेवेळी अतिक्रमणाचे क्षेत्र मी बांधावरून अंदाजाने २ आर सांगितले होते. दि. १२ मार्च २०२४ रोजी भूमी अभिलेख कार्यालयामार्फत मोजणी झाली. नकाशाची ‘क’ प्रत मला दि. ६ मे २०२४ रोजी मिळाली. त्यानुसार अतिक्रमण ३.५ आर असून ते गटाच्या पूर्व बाजूस आहे. ‘क’ प्रत हाती येण्यापूर्वी नेमके क्षेत्र मला माहीत होण्याचे साधन नव्हते. प्रत मिळाल्यानंतर मी दि. १० मे रोजी वकिलांना भेटलो व आज रोजी हा अर्ज देत आहे.”

यात तारखा आहेत, कागद आहे, माहिती कुठून आली ते आहे आणि मधला काळ कसा गेला तेही आहे. ‘क’ प्रतीची नक्कल सोबत जोडा. कोणता परिच्छेद कसा बदलणार, जुना मजकूर काय आणि नवा काय, हे अर्जात शब्दशः द्या. “योग्य ती दुरुस्ती करण्याची परवानगी मिळावी” असा मोघम अर्ज करू नका. कायद्याचा युक्तिवाद प्रतिज्ञापत्रात भरू नका. ऐकीव किंवा युक्तिवादाचा मजकूर विनाकारण घातला तर त्याचा खर्च घालणाऱ्यावर पडू शकतो, असं आदेश १९ नियम ३ सांगतो.

८. शेवटी “वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा आहे” लिहिलं की पुरे ना?

पुरे नाही. कोणता परिच्छेद स्वतःच्या माहितीचा आणि कोणता दुसऱ्याकडून कळलेला, हे वेगळं सांगायला हवं. अंतरिम अर्जांत समजुतीवर आधारलेलं विधान चालतं, पण ती समजूत कशावरून झाली ते द्यावं लागतं. १९५२ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध पुरुषोत्तम जोग नाईक या प्रकरणात सरकारी सचिवाच्या प्रतिज्ञापत्रातल्या अशाच ढोबळ सत्यापनावर सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवलं होतं : माहिती स्वतःची नसेल तर तिचा उगम सांगितलाच पाहिजे.

म्हणून असं लिहा : “परिच्छेद १ ते ४ मधील मजकूर माझ्या प्रत्यक्ष माहितीचा आहे. परिच्छेद ५ मधील मजकूर मला गावकामगार तलाठी यांच्याकडील फेरफार नोंदीवरून कळला असून तो मी खरा समजतो.” परिच्छेद वाढले किंवा पुढेमागे झाले की हे आकडेही बदला. दुरुस्त दाव्यात परिच्छेद ७-अ येतो आणि सत्यापनात मात्र जुनेच “१ ते १२” राहतात, ही चूक फार जागी सापडते.

मजकूर मराठीत असेल आणि सही करणाऱ्याला वाचता येत नसेल तर “वाचून दाखवला व समजावून सांगितला” ही नोंद, अंगठा आणि ओळख पटवणाऱ्याची सही घ्या. आजी-आजोबांच्या वाटप दाव्यांत हे विसरू नका.

९. पुरावा सुरू झालाय. आता दुरुस्ती होईल का?

होऊ शकते, पण दार अरुंद झालं आहे. १९९९ च्या दुरुस्ती कायद्याने नियम १७ काढूनच टाकला होता. तो अमलात येण्याआधीच २००२ च्या कायद्याने नियम परत आणला आणि सोबत एक परंतुक जोडलं : खटल्याची सुनावणी सुरू झाल्यानंतर दुरुस्तीला परवानगी नाही, अपवाद एवढाच की वाजवी तत्परता दाखवूनही ती बाब आधी मांडता आली नसती अशी न्यायालयाची खात्री पटली पाहिजे.

सुनावणी कधी सुरू झाली म्हणायची? विद्याबाई विरुद्ध पद्मलता या निकालाप्रमाणे सरतपासणीचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं की सुरू झाली. न्यायालयाने मुद्दे (वादाचे ठरवायचे प्रश्न) काढले की सुरू झाली, असाही सूर काही निकालांत आहे. म्हणून मुद्दे निघण्याआधीच दुरुस्ती उरकणं शहाणपणाचं. मुद्दे निघाल्यावर सुनावणी सुरू झाली आहे असं धरूनच प्रतिज्ञापत्र लिहा.

तत्परता म्हणजे सामान्य समंजस माणूस स्वतःच्या कामात जेवढी काळजी घेतो तेवढी. ती शब्दाने सिद्ध होत नाही, कृतीने होते. नक्कल अर्ज कधी दिला, कार्यालयाने कधी दिली, आधी तो कागद कुणाच्या ताब्यात होता, याच्या पावत्या आणि तारखा प्रतिज्ञापत्रात हव्यात. सातबारा पहिल्या दिवसापासून तुमच्याच फाइलीत असेल आणि त्यावरचा गट नंबर तुम्ही तीन वर्षांनी वाचलात, तर हे परंतुक ओलांडणं कठीण.

जे सुनावणी सुरू झाल्यावर घडलं, उदाहरणार्थ दावा चालू असताना प्रतिवादीने जमीन तिसऱ्याला विकली, ते आधी मांडता येणं शक्यच नव्हतं. तिथे फक्त घटनेची आणि ती तुम्हाला कळल्याची तारीख नीट सांगा.

दोन वेगळ्या वाटा लक्षात ठेवा. मूळ दावा-कैफियत १ जुलै २००२ पूर्वीची असेल तर हे परंतुक लागू होत नाही. असे जुने दावे आजही चालू आहेत. आणि करार पूर्तीच्या दाव्यात कब्जा, वाटप किंवा इसाऱ्याची रक्कम परत ही मागणी राहून गेली असेल, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ खाली ती कोणत्याही टप्प्यावर घालता येते.

१०. चूक वकिलांची होती. तसं लिहिलं तर चालेल?

खरं असेल तर लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुम्ही वकिलांना कोणते कागद कधी दिले आणि चूक कशी लक्षात आली ते सांगा. सुनावणी सुरू होण्याआधी न्यायालयं याकडे बरीच उदार दृष्टीने पाहतात. नंतर फक्त वकिलाकडे बोट दाखवणं सहसा पुरत नाही.

११. खूप उशीर झाला आहे, मुदतही संपली असेल. अर्ज द्यायचा की नाही?

केवळ उशीर हे नाकारण्याचं कारण नाही. १ सप्टेंबर २०२२ च्या एलआयसी विरुद्ध संजीव बिल्डर्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा सांगितलं. प्रकरण मुंबईतल्या १९८६ सालच्या दाव्याचं होतं.

मुदतीचं वेगळं आहे. मंजूर झालेली दुरुस्ती साधारणपणे दावा दाखल झाल्याच्या तारखेपासूनची धरली जाते, त्यामुळे मुदत संपलेली नवी मागणी मागच्या दाराने आत आणणं न्यायालयाला मान्य होत नाही. मुदत संपली की नाही हाच वादाचा विषय असेल, तर दुरुस्ती मंजूर करून मुदतीचा मुद्दा खुला ठेवता येतो, किंवा ती अर्जाच्या तारखेपासून लागू होईल असा आदेश होऊ शकतो. यासाठी “मला हक्क नाकारल्याचं केव्हा कळलं” ही तारीख प्रतिज्ञापत्रात अचूक हवी. ही तारीख पुढे बदलता येणार नाही असं समजूनच लिहा.

१२. कैफियतीत मी एक गोष्ट कबूल करून बसलो. ती आता काढता येईल?

कैफियतीच्या दुरुस्तीत दाव्यापेक्षा जास्त मोकळीक असते. बचाव परस्परविसंगत असले तरी चालू शकतात, असं उषा बाळासाहेब स्वामी प्रकरणात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण स्पष्ट कबुली पुसून टाकून वादीला मिळालेला फायदा काढून घेणं हे मोदी स्पिनिंग निकालापासून (१९७६) नामंजूर होत आलं आहे. कबुली कोणत्या परिस्थितीत, कोणत्या अर्थाने दिली होती याचा खुलासा जोडायला मागणं हा टिकणारा मार्ग आहे. लक्षात घ्या, मूळ कैफियतीसोबतही तुम्ही शपथ घेतली होती. नवी शपथ तिच्या नेमकी उलट असेल तर प्रश्न १५ वाचा.

१३. समोरच्याने दुरुस्ती अर्ज दिलाय. माझ्या म्हणण्यासोबत मीही प्रतिज्ञापत्र द्यायचं?

तुम्ही नव्या हकीकती मांडत असाल तर हो. “अर्ज खोटा असून नामंजूर व्हावा” एवढंच म्हणणं असेल तर फारसा उपयोग नाही. समोरच्याला ती बाब आधीच माहीत होती याचा कागद तुमच्याकडे असेल, समजा त्याचीच दोन वर्षांपूर्वीची नोटीस, तर तो प्रतिज्ञापत्रासोबत लावा. तत्परतेचा सारा दावा तिथेच संपतो. आदेश १९ नियम २ खाली प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला उलटतपासणीसाठी हजर करण्याची मागणीही करता येते. दुरुस्ती अर्जात न्यायालयं ती क्वचित मान्य करतात, कारण नव्या मजकुराचा खरेखोटेपणा या टप्प्यावर ठरवायचा नसतो.

१४. अर्ज मंजूर झाला. पुढे काय?

आदेशात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर १४ दिवसांत, प्रत्यक्ष दुरुस्ती करायची (आदेश ६ नियम १८). आदेशात सांगितल्याप्रमाणे मूळ दाव्यावर करा किंवा दुरुस्त दाव्याची स्वच्छ प्रत द्या. सोबत नवं सत्यापन आणि प्रश्न ३ मधलं दुसरं प्रतिज्ञापत्र. मागणीची किंमत बदलली असेल तर जादा कोर्ट फी. दुसऱ्या बाजूला दुरुस्त प्रत. खर्च भरण्याची अट असेल तर तो आधी भरून पावती जोडा.

१४ दिवस उलटले तर न्यायालयाने मुदत वाढवल्याशिवाय दुरुस्ती करता येत नाही. मंजूर झालेली दुरुस्ती केवळ प्रत्यक्षात न केल्यामुळे वाया गेल्याची प्रकरणं घडतात. आदेश होईल त्या दिवशीच कॅलेंडरवर तारीख लिहा.

प्रतिवादीला दुरुस्त मजकुरापुरती जादा कैफियत देण्याची संधी मिळते. तिलाही सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र लागतं.

दुरुस्त दाव्यासोबतचं प्रतिज्ञापत्र राहून गेलं असेल तर घाबरू नका. विद्यावती गुप्ता प्रकरणात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने अशी उणीव नंतर भरून काढता येते असं ठरवलं. पण समोरच्याने हरकत घेण्याची वाट पाहू नका, स्वतःहून अर्ज देऊन दाखल करा.

१५. प्रतिज्ञापत्रात चुकीची तारीख पडली, किंवा मुद्दाम खोटं लिहिलं, तर काय होतं?

चूक असेल तर तत्काळ दुसरं प्रतिज्ञापत्र देऊन ती सुधारा आणि चूक कशी झाली ते सांगा. जाणूनबुजून खोटं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली, न्यायालयीन कामकाजात खोटा पुरावा दिल्याबद्दल सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. त्यासाठी न्यायालय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ प्रमाणे चौकशी करून तक्रार करतं. कलमांचे हे आकडे १ जुलै २०२४ पासूनचे, जुन्या कागदांत तुम्हाला जुन्या कायद्यांची कलमं १९३ आणि ३४० दिसतील. दुरुस्ती मिळावी म्हणून “हा कागद मला कालच सापडला” असं लिहून देण्याचा मोह होतो. नक्कलेच्या मागे कार्यालयाचा शिक्का आणि तारीख असते, ती समोरचा वकील नक्की वाचतो.

१६. वादी वडील वारले. त्यांच्या जागी वारसांची नावं लावणं हीसुद्धा दुरुस्तीच ना?

वारस अभिलेखावर आणण्याचा अर्ज आदेश २२ खाली वेगळा, आणि त्याची मुदत ९० दिवस. राहिलेला सहहिस्सेदार जोडायचा असेल तर आदेश १ नियम १०. हे अर्ज मंजूर झाल्यावर शीर्षकात आणि मजकुरात बदल होतो, तेव्हा नवं प्रतिज्ञापत्र वारसाने करायचं. वडिलांनी केलेलं जुनं अभिलेखावर तसंच राहतं.

१७. मी दुबईत आहे. इथूनच करता येईल?

येईल. भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्याला १९४८ च्या कायद्याने शपथ देण्याचा अधिकार आहे. तिथे भेटीची वेळ घेऊन अंतिम मसुदाच घेऊन जा, कारण नंतर एक शब्द बदलला तरी शपथ पुन्हा घ्यावी लागते. नियम १८ चे १४ दिवस यात सहज निघून जातात, म्हणून मुदतवाढीचा अर्ज आधीच द्या. गावाकडच्या ज्या भावंडाला हकीकत माहीत आहे त्याने केलं तर हा सारा व्याप वाचतो (प्रश्न ५).

१८. आमचा दावा कमर्शिअल कोर्टात आहे. नियम तेच का?

जास्त कडक. ३ लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यापारी वादांत आदेश ६ नियम १५-अ लागू होतो आणि ठरवून दिलेल्या नमुन्यातलंच सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. दुरुस्त मजकुरालाही, न्यायालयाने वेगळा आदेश दिला नसेल तर, तोच नमुना. तसं सत्यापन नसलेला मजकूर पुरावा म्हणून वापरता येत नाही.

१९. दुरुस्ती अर्ज नामंजूर झाला. आता अपील?

या आदेशावर थेट अपील नाही. महाराष्ट्रात सहसा संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. नाहीतर अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात हा मुद्दा घेता येतो. अपिलाच्या टप्प्यावर नवा दुरुस्ती अर्जही देता येतो, पण प्रश्न ९ मधलं परंतुक तिथे आणखी जड होतं.

हुकूमनाम्यात फक्त लेखनाची किंवा आकड्याची चूक असेल, म्हणजे दाव्यात गट ११२ बरोबर आहे आणि हुकूमनाम्यात १२१ पडला आहे, तर दुरुस्ती अर्ज नको. कलम १५२ खालचा साधा अर्ज त्याच न्यायालयात द्या. चूक मूळ दाव्यातूनच आलेली असेल तर मात्र आधी कोणता कागद बदलायचा ते वकिलांबरोबर बसून ठरवा, कारण दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) बेलीफ हुकूमनाम्यातलाच नंबर घेऊन जागेवर जातो.